सर्व्हर दूर, क्वेरी सुस्त : दोष कुणाचा?

डेस्कटॉपवरील अ‍ॅक्सेसची माहिती दूरच्या एसक्यूएल सर्व्हरवर हलवली, की काम वेगाने होईल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच घडते. असे का होते आणि नवा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

- प्रतिनिधी

समजा, पुण्यात पुस्तकांच्या एका वितरकाचे कार्यालय आहे. गेली पंधरा वर्षे बिले, ग्राहक आणि येणे यांचा सारा हिशेब मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ठेवला जातो. कोल्हापूर आणि नाशिक येथे शाखा निघाल्या, तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच हिशेब दिसावा म्हणून माहिती भाड्याने घेतलेल्या एसक्यूएल सर्व्हरवर हलवण्यात आली. पडद्यावरचे फॉर्म तेच राहिले, अहवालही तेच राहिले; टेबले तेवढी दूर गेली. मार्चअखेरीस मात्र थकबाकीची यादी मागितली, की पूर्वी दोन-चार सेकंदांत निघणारा अहवाल दीड मिनिट पडदा गोठवून ठेवतो. तिन्ही शाखांनी ती एकाच वेळी मागितली, तर 'वेळ संपली' असा संदेश येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अशा वेळी सुचणारे उपाय ठरलेले असतात. आधी इंटरनेटची जोडणी वाढवली जाते, मग मोठा सर्व्हर भाड्याने घेतला जातो. दोन्हींनी फारसा फरक पडला नाही, की 'अ‍ॅक्सेसच टाकाऊ' असा निकाल देऊन नवे सॉफ्टवेअर लिहून घेण्याची भाषा सुरू होते. याहून वाईट म्हणजे, कंटाळलेली एखादी शाखा जुन्या फाइलची प्रत काढून आपला हिशेब वेगळा ठेवू लागते. मग कुणाचे येणे किती, याची तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळतात. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो एकच विश्वासार्ह हिशेब हाच हातचा जातो.

वास्तविक अशा बहुतेक प्रकरणांत दोष जोडणीचाही नसतो आणि सर्व्हरचाही नसतो. शोधण्याचे, गाळण्याचे आणि बेरीज करण्याचे काम कुठे होते आहे, हा खरा प्रश्न असतो. ते सर्व्हरवर झाले, तर तारेवरून फक्त उत्तर येते. ते डेस्कटॉपवर झाले, तर उत्तर काढण्यासाठी लागणारी सारी माहिती तारेवरून ओढून आणावी लागते.

दोन साधने, दोन घडणी

मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेसची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आणली. तिच्या पोटात 'जेट' नावाचे डेटाबेस इंजिन होते. अ‍ॅक्सेस २००७ पासून त्याची जागा 'एस' या सुधारित इंजिनाने घेतली. पण मूळ घडण तीच राहिली. हे इंजिन वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालते. फाइल कार्यालयातील सामायिक डिस्कवर ठेवली, तरी ती डिस्क केवळ कपाटाचे काम करते. कपाट उघडून कागद चाळण्याचे काम प्रत्येकाच्या टेबलावरील संगणकालाच करावे लागते.

प्रत्येक क्वेरीसाठी अख्खी फाइल जाळ्यावरून ओढली जाते, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. अ‍ॅक्सेस २००० पासून ही फाइल चार किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते आणि योग्य इंडेक्स असेल, तर इंजिन फक्त आवश्यक ती पाने मागवते. म्हणूनच चांगल्या रीतीने बांधलेली फाइल कार्यालयातल्या जाळ्यावर समाधानकारक चालते. मात्र हीच फाइल इंटरनेटवरून दूरच्या डिस्कवर उघडणे धोक्याचे असते. लिहिणे चालू असताना जोडणी तुटली, तर फाइल बिघडण्याची शक्यता असते. शिवाय एका फाइलची कमाल मर्यादा दोन गिगाबाइट आहे.

एसक्यूएल सर्व्हरचे तसे नाही. मायक्रोसॉफ्टच्या नावाने तो १९८९ मध्ये प्रथम आला, तेव्हा त्यामागे सायबेस या कंपनीचे तंत्रज्ञान होते. येथे इंजिन माहितीच्या शेजारीच, सर्व्हरवर चालते. दूरच्या संगणकाने प्रश्न पाठवायचा, सर्व्हरने तो सोडवायचा आणि निकाल परत धाडायचा, अशी ही व्यवस्था आहे. अ‍ॅक्सेसची टेबले सर्व्हरवर गेली, तरी त्यावरील जुन्या क्वेरी मात्र पहिल्या घडणीच्या सवयीने लिहिलेल्या असतात. अडचणीचे मूळ येथे आहे.

'काय हवे' ते सांगणारी भाषा

या व्यवस्थेमागचा विचार अ‍ॅक्सेसहून बराच जुना आहे. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धतीची मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याने आपल्याला काय हवे ते सांगावे, ते कुठून व कसे आणायचे हे यंत्रणेने ठरवावे, असा त्याचा गाभा होता. पुढे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेतून आजची एसक्यूएल घडली. आयबीएमच्याच 'सिस्टीम आर' प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक महत्त्वाचा निबंध लिहिला. एका प्रश्नाचे उत्तर काढण्याचे अनेक मार्ग असतात. त्या प्रत्येकाचा अंदाजे खर्च मोजून स्वस्तातला मार्ग कसा निवडावा, हे त्यात दाखवले होते. आजच्या सर्व्हरमध्ये 'ऑप्टिमायझर' म्हणून जो भाग असतो, तो याच विचाराचा वारसदार आहे.

हा ऑप्टिमायझर कितीही हुशार असला, तरी त्याला पूर्ण प्रश्न कळला पाहिजे. 'गेल्या वर्षी कुणाकडून किती येणे राहिले?' असे विचारले, तर तो इंडेक्स चाळून नेमके उत्तर देईल. त्याच्यापर्यंत 'सगळी बिले द्या' एवढाच निरोप पोहोचला, तर तो इमानेइतबारे सगळी बिले देईल.

मधला दुभाषा

अ‍ॅक्सेसमधून सर्व्हरवरील टेबल जोडले जाते ते ओडीबीसी या दुव्यामार्फत. वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावे, यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये हा दुवा उपलब्ध केला. जोडलेल्या टेबलावर क्वेरी चालवली, की ती आधी अ‍ॅक्सेसच्या इंजिनाकडे जाते. ते एखाद्या दुभाष्यासारखे वागते. क्वेरीतील जेवढा भाग सर्व्हरच्या भाषेत सांगता येईल, तेवढा ते पुढे पाठवते. जो भाग सांगता येत नाही, तो स्वतःकडे ठेवते आणि त्यासाठी लागणारी कच्ची माहिती सर्व्हरकडून मागवून घेते.

साधी तुलना, तारखेची मर्यादा, दोन टेबलांची सरळ जोड, बेरीज, सरासरी हे सारे सहसा सर्व्हरपर्यंत पोहोचते. शोधासाठी अ‍ॅक्सेसमध्ये वापरले जाणारे ताऱ्याचे चिन्हही सर्व्हरच्या टक्के चिन्हात बदलून पाठवले जाते. अडते ते पुढील ठिकाणी : कार्यालयातल्याच कुणीतरी व्हीबीएमध्ये लिहिलेली फंक्शने, 'एनझेड' किंवा 'डीलुकअप' यांसारखी खास अ‍ॅक्सेसची फंक्शने, आडव्या-उभ्या मांडणीच्या क्रॉसटॅब क्वेरी आणि डेस्कटॉपवरचे एक व सर्व्हरवरचे एक अशा दोन टेबलांच्या जोडण्या. यांपैकी काहीही अटीच्या जागी आले, तर ती अट सर्व्हरला कळतच नाही.

फंक्शन फक्त निकालाच्या रकान्यात असेल, तर फारसे बिघडत नाही. आलेल्या मोजक्या नोंदींवर ते डेस्कटॉपवर चालते. तेच फंक्शन गाळणीच्या, जोडणीच्या किंवा गट पाडण्याच्या अटीत असेल, तेव्हा पेच पडतो.

आर्थिक वर्षाचा सापळा

वितरकाच्या उदाहरणात हाच प्रकार घडला आहे, असे मानू. आपल्याकडे हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे बिलाची तारीख दिली, की '२०२४-२५' असे आर्थिक वर्ष सांगणारे छोटे फंक्शन कार्यालयांच्या डेटाबेसमध्ये हटकून लिहिलेले असते. थकबाकीच्या क्वेरीत 'ज्या बिलांचे आर्थिक वर्ष २०२४-२५ आहे' अशी अट त्याच फंक्शनच्या आधाराने घातलेली असते. वाचायला ती अगदी सरळ वाटते. मात्र सर्व्हरला हे फंक्शन ठाऊक नाही. मग इंजिन सगळ्या वर्षांची सगळी बिले मागवते, प्रत्येकाच्या तारखेवर फंक्शन चालवते, चौदा वर्षांची बिले फेकून देते आणि उरलेल्यांची बेरीज डेस्कटॉपवर करते.

याचा हिशेब मांडून पाहू. पंधरा वर्षांत बिलांच्या दहा लाख नोंदी झाल्या आणि क्वेरीला लागणारे रकाने मिळून एका नोंदीचे सरासरी १०० बाइट झाले, तर ओझे १०० मेगाबाइटचे, म्हणजे ८०० मेगाबिटचे होते. शाखेची जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची असेल, तर नुसत्या वाहतुकीलाच ८० सेकंद लागतात. कार्यालयातील एक गिगाबिटच्या जाळ्यावर हेच ओझे तत्त्वतः एका सेकंदाच्या आत येते. म्हणून सर्व्हर शेजारच्या खोलीत ठेवून चाचणी घेतली, तेव्हा काही खटकले नाही. तो दूर गेल्यावर दोष उघडा पडला.

उपाय एका ओळीचा आहे. अट फंक्शनवर न घालता तारखेवरच घालावी : बिलाची तारीख १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतरची आणि १ एप्रिल २०२५ पूर्वीची. ही अट सर्व्हरला समजते. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स असेल, तर तो इतर वर्षांच्या बिलांना हातही लावत नाही. बेरीजही तेथेच होते. ग्राहक १२०० असतील, तर परत येणारा निकाल जेमतेम १२० किलोबाइटचा असतो. त्याला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. जोडणी तीच, सर्व्हर तोच. बदलली ती एक अट.

वर्षानुवर्षांची तुलना हवी असल्यामुळे आर्थिक वर्षानुसार गट पाडणे भाग असेल, तर सर्व्हरवरील टेबलातच गणिती रकाना तयार करता येतो. तारखेवरून वर्ष काढणारे हे सूत्र सर्व्हरच्या भाषेत एकदा लिहायचे, त्याचे उत्तर साठवून ठेवण्यास सांगायचे आणि त्यावर इंडेक्स करायचा. मग '२०२४-२५' हा शब्द सर्व्हरच्या ओळखीचा होतो.

येथे एक इशारा द्यायला हवा. व्हीबीएमध्ये क्वेरीचा मजकूर जोडून तयार करताना दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अ‍ॅक्सेस अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी वाचते. त्यामुळे ०१/०४/२०२५ ही तारीख १ एप्रिल न ठरता ४ जानेवारी ठरते. क्वेरी तक्रार करत नाही, आकडा मात्र चुकीचा येतो. थेट सर्व्हरकडे जाणाऱ्या मजकुरात वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ अंक लिहिणे, जसे २०२५०४०१, हा निर्धोक मार्ग आहे.

फेऱ्यांचा हिशेब

संथपणाचे दुसरे कारण ओझ्यात नसून फेऱ्यांत असते. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून सिंगापूर सुमारे ३९०० किलोमीटर आहे. म्हणजे एक प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार किलोमीटरवर धरला, तर हा आकडा १२५ होतो. तारा सरळ रेषेत नसतात आणि वाटेत यंत्रेही असतात. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून अधिकच लागतो. जोडणी कितीही रुंद घेतली, तरी हे अंतर कमी होत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून आपली क्लाऊड सेवा सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रातील कार्यालयांना जवळचा सर्व्हर निवडण्याची सोय झाली आहे. सर्व्हर भाड्याने घेताना तो कोणत्या शहरात आहे, हे विचारून घ्यावे ते याचसाठी.

एका फेरीचे ४० मिलिसेकंद कुणाला जाणवतही नाहीत. पण अहवालातील प्रत्येक ओळीवर ग्राहकाचे नाव आणण्यासाठी 'डीलुकअप' वापरले असेल, तर प्रत्येक ओळीमागे एक स्वतंत्र फेरी होते. ३०० ओळींच्या यादीला ३०० फेऱ्या, म्हणजे १२ सेकंद लागतात. येथे माहिती अगदी थोडी असते. वेळ जातो तो येण्या-जाण्यात. ग्राहकांचे टेबल क्वेरीतच जोडून घेतले, तर नावे त्याच एका फेरीत येतात.

मोठ्या प्रमाणावरील बदलांचेही असेच आहे. 'सर्व थकबाकीदारांना अमुक शेरा लावा' अशी क्वेरी जोडलेल्या टेबलावर चालवली, तर अ‍ॅक्सेस अनेकदा प्रत्येक नोंदीसाठी वेगळी आज्ञा पाठवते. दहा हजार नोंदी असतील, तर दहा हजार आज्ञा. फेरीला ४० मिलिसेकंद धरले, तर साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ. तीच आज्ञा सर्व्हरला एकदाच थेट दिली, तर एका फेरीत काम होते.

घरचे टेबल, दूरचे टेबल

स्थलांतर करताना लहानसहान टेबले डेस्कटॉपवरच ठेवण्याचा मोह होतो. जिल्ह्यांची यादी, विक्री प्रतिनिधींची नावे, सवलतीचे दर ही टेबले छोटी असतात, क्वचितच बदलतात. पडद्यावरच्या उतरत्या याद्या भरण्यासाठी त्यांची स्थानिक प्रत ठेवणे योग्यच आहे. परंतु हेच स्थानिक टेबल सर्व्हरवरील बिलांच्या टेबलाशी क्वेरीत जोडले, की अडचण सुरू होते. सर्व्हरला डेस्कटॉपवरचे टेबल दिसत नाही. मग इंजिन एकतर दूरचे टेबल ओढून आणते किंवा स्थानिक टेबलातील एकेका ओळीसाठी सर्व्हरला वेगळा प्रश्न विचारते. पहिल्या मार्गात ओझे वाढते, दुसऱ्यात फेऱ्या वाढतात. ज्या टेबलांची जोड करायची, ती सर्व सर्व्हरवर एकाच ठिकाणी असावीत, हा नियम म्हणूनच पाळावा.

फॉर्म उघडताना

क्वेरी नीट असूनही फॉर्म उघडायला वेळ लागतो, अशीही तक्रार असते. सबंध ग्राहकांच्या टेबलाला जोडलेला फॉर्म उघडला, की अ‍ॅक्सेस आधी सर्व नोंदींच्या प्रायमरी की मागवते आणि मग पडद्यावर लागतील तशा नोंदी दहा-दहाच्या गटाने आणते. संपादन करता येईल अशा निकालाची ही पद्धत 'डायनासेट' म्हणून ओळखली जाते. मोठ्या टेबलाच्या बाबतीत नुसत्या की आणण्यातही वेळ जातो. फॉर्म रिकामा उघडावा, आधी ग्राहकाचा क्रमांक किंवा नावाची अक्षरे विचारावीत आणि तेवढ्याच नोंदी आणाव्यात. वीस हजार नावांची उतरती यादी पडद्यावर ठेवून काहीच साधत नाही. पहिली तीन अक्षरे टंकल्यावर ती भरली जावी. फक्त वाचायच्या छोट्या याद्यांसाठी 'स्नॅपशॉट' प्रकार निवडला, तर सारे रकाने एकदमच येतात आणि फेऱ्या वाचतात.

टेबलांच्या बांधणीतील तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या ठरतात. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की असावी; ती नसेल, तर जोडलेले टेबल अ‍ॅक्सेसमध्ये केवळ वाचण्यापुरते उरते. प्रत्येक टेबलात 'रो-व्हर्जन' प्रकारचा एक रकाना ठेवावा. तो असेल, तर नोंद दुसऱ्या कुणी बदलली का, हे अ‍ॅक्सेसला एका रकान्यावरून कळते. नसेल, तर साठवताना प्रत्येक रकान्याची जुनी किंमत ताडून पाहिली जाते. तिसरी गोष्ट हो-नाही प्रकारच्या रकान्यांची. सर्व्हरवर ते रिकामे राहू देऊ नयेत, शून्य ही मूळ किंमत द्यावी. अन्यथा दुसऱ्या कुणीही नोंदीला हात लावलेला नसताना 'ही नोंद दुसऱ्याने बदलली आहे' असा संदेश येऊन काम अडते.

काम सर्व्हरकडे सोपवण्याचे मार्ग

अटी दुरुस्त करूनही जी क्वेरी संथ राहते, ती सर्व्हरकडे सोपवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग व्ह्यूचा. नेहमी लागणारी जोडणी व बेरीज सर्व्हरवर व्ह्यू म्हणून लिहून ठेवायची आणि अ‍ॅक्सेसमधून तो टेबलासारखा जोडायचा. जोडताना कोणता रकाना नोंदीची ओळख ठरवतो, हे अ‍ॅक्सेसला सांगावे लागते. ते काळजीपूर्वक निवडावे. जुने फॉर्म आणि अहवाल फारसे न बदलता हा उपाय करता येत असल्याने सुरुवात येथूनच करणे श्रेयस्कर ठरते. क्रॉसटॅबसाठीही तो उपयोगी पडतो. लाखो नोंदींची महिनावार बेरीज व्ह्यूमध्ये करायची आणि हाती आलेल्या काहीशे ओळींची आडवी-उभी मांडणी अ‍ॅक्सेसला करू द्यायची.

दुसरा मार्ग पास-थ्रू क्वेरीचा. तिचा मजकूर अ‍ॅक्सेसचे इंजिन वाचतच नाही. तो जसाच्या तसा सर्व्हरकडे जातो. साहजिकच तो सर्व्हरच्या बोलीत लिहावा लागतो. तेथे ताऱ्याऐवजी टक्के चिन्ह, तारखेभोवती हॅशऐवजी एकेरी अवतरण चिन्ह आणि 'हो' साठी उणे एकऐवजी एक असा फरक असतो. निकाल फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. म्हणून अहवालांसाठी ती उत्तम आणि नोंदी भरण्याच्या फॉर्मसाठी गैरसोयीची असते. फॉर्मवरील किंमत तिला थेट घेता येत नाही; मजकूर जोडून तयार करावा लागतो. वापरणाऱ्याने टंकलेला शब्द न तपासता मजकुरात चिकटवला, तर त्यातून भलतीच आज्ञा सर्व्हरवर चालवली जाण्याचा धोका असतो. क्वेरीसोबत पासवर्ड साठवून ठेवण्याची सवयही घातक आहे.

तिसरा मार्ग स्टोअर्ड प्रोसिजरचा. अनेक पायऱ्यांचे काम, जसे वर्षअखेरीची शिल्लक पुढे ओढणे, सर्व्हरवरच लिहून ठेवायचे आणि अ‍ॅक्सेसने फक्त त्याचे नाव घेऊन ते सुरू करायचे.

सर्व्हरशी थेट जोडलेले 'अ‍ॅक्सेस डेटा प्रोजेक्ट' हे आणखी एक साधन अ‍ॅक्सेस २००० सोबत आले होते. मायक्रोसॉफ्टने ते अ‍ॅक्सेस २०१३ मधून काढून टाकले. त्यामुळे जुन्या पुस्तकांत त्याची शिफारस आढळली, तरी आज तो मार्ग उपलब्ध नाही.

मराठी माहितीची काळजी

अ‍ॅक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो, त्यामुळे देवनागरी नावे सहज राहतात. सर्व्हरवर मात्र मजकुराच्या रकान्यांचे दोन प्रकार आहेत. 'एन' अक्षराने सुरू होणारा, म्हणजे 'एन-व्हारचार' प्रकार निवडला, तर मराठी अक्षरे सुरक्षित राहतात. साधा 'व्हारचार' निवडला, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते, आणि एकदा तशी साठवली गेलेली अक्षरे परत मिळवता येत नाहीत.

पास-थ्रू क्वेरीतही हीच काळजी घ्यावी लागते. 'गाव पुणे आहे' अशी अट लिहिताना अवतरण चिन्हाच्या आधी 'एन' हे रोमन अक्षर लिहायचे राहिले, तर सर्व्हर त्या शब्दाची प्रश्नचिन्हे करून शोध घेऊ शकतो. चूक झाल्याचे कुठेही दिसत नाही. पुण्यात एकही ग्राहक नाही, एवढेच उत्तर येते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली माहिती असेल, तर ती स्थलांतरापूर्वीच युनिकोडमध्ये आणावी. तशी न आणल्यास शोध आणि वर्णानुक्रम दोन्ही बिघडलेलेच राहतात.

मोजमाप आधी, खर्च नंतर

कोणती क्वेरी सर्व्हरपर्यंत पोहोचते आणि कोणती मध्येच अडते, याचा अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत अ‍ॅक्सेसच्या इंजिनासाठी 'ट्रेस एसक्यूएल मोड' नावाची नोंद करता येते. ती सुरू केली, की इंजिन सर्व्हरकडे पाठवलेली प्रत्येक आज्ञा एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते. त्या फाइलमध्ये आपली अट दिसली नाही, तर ती डेस्कटॉपवर चालते आहे, हे उघड होते. एकच आज्ञा शेकडो वेळा दिसली, तर फेऱ्यांचा दोष आहे. काम झाल्यावर ही नोंद बंद करावी. चालू राहिली, तर तीच वेग कमी करते. सर्व्हरच्या बाजूने पाहायचे, तर 'एक्स्टेंडेड इव्हेंट्स' ही सोय आहे. क्वेरी सर्व्हरवर पोहोचूनही संथ असेल, तर तिची कार्ययोजना पाहावी. तेथे इंडेक्समधून नेमका शोध घेतला जातो की सबंध टेबल चाळले जाते, हे कळते.

ओडीबीसी जोडणीची मुदत अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत मुळात ६० सेकंदांची असते. 'वेळ संपली' हा संदेश टाळण्यासाठी ती वाढवली जाते. पण मुदत वाढवल्याने दुखणे जात नाही, ते झाकले जाते. जोडणीसाठी विंडोजसोबत येणारा जुना ड्रायव्हर न वापरता एसक्यूएल सर्व्हरचा नवा ओडीबीसी ड्रायव्हर वापरणे हितावह आहे. त्याच्या १८ व्या आवृत्तीपासून जोडणी मुळातच कूटबद्ध असते.

एवढे करूनही सुधारणा परवडत नसेल, फंक्शनांचे जाळे फार गुंतागुंतीचे असेल, तर आणखी एक पर्याय उरतो. अ‍ॅक्सेसच सर्व्हरच्या शेजारी ठेवायची आणि शाखांनी रिमोट डेस्कटॉपने तेथे काम करायचे. मग तारेवरून केवळ पडद्याचे चित्र आणि टंकलेली अक्षरे जातात. त्यासाठी परवान्यांचा खर्च येतो, पण माहिती जागची हलत नाही. हा पर्याय निवडायचा की क्वेरी दुरुस्त करायच्या, हे मोजमाप हाती असेल तरच शहाणपणाने ठरवता येते.

नवा सर्व्हर घेण्यापूर्वी तपासा

• सर्वांत संथ पाच क्वेरी कोणत्या, याची वेळ लावून यादी करा.

• त्यांच्या अटींत स्वतः लिहिलेली किंवा खास अ‍ॅक्सेसची फंक्शने आहेत का, ते पाहा. तारखांच्या अटी 'पासून-पर्यंत' अशा लिहा.

• डेस्कटॉपवरचे आणि सर्व्हरवरचे टेबल एकाच क्वेरीत जोडलेले नाही ना, याची खात्री करा.

• प्रत्येक टेबलाला प्रायमरी की व रो-व्हर्जनचा रकाना आहे का, शोधाच्या रकान्यांवर इंडेक्स आहे का, ते तपासा.

• मोठे अहवाल व्ह्यू किंवा पास-थ्रू क्वेरीवर न्या. फॉर्म रिकामे उघडा.

• मराठी मजकुराचे रकाने 'एन' प्रकारचे आहेत ना, हे पाहा.

• प्रत्येक बदलानंतर पुन्हा वेळ लावा आणि जुना व नवा आकडा जुळतो का, हेही ताडून पाहा. वेगाने आलेले चुकीचे उत्तर कुणाच्याच उपयोगाचे नसते.